घरात रेंज नाही

“कार्ड बदलायचं न्हाई म्हणलं ना एकदा!” बसम्माने मोबाइल कमरेला खोचला, नातीला कडेवर घेतलं आणि ती जिना चढायलाही लागली.

शिवकन्येचा जीव खाली टांगणीला लागला. अठरा पायऱ्या, बाजूला कठडा नाही. सासूचे गुडघे असे की दर चौथ्या पायरीला थांबून दम खावा लागे. त्यात कडेवर दहा महिन्यांची वळवळती आरोही. पाच वाजले की रोज हेच. केजला दिलेल्या लेकीशी बोलायचं, आणि उमापुरात त्यांच्या कंपनीची रेंज यायची ती गच्चीच्या एका कोपऱ्यात. शिवकन्या बी.ए. झालेली. पण त्या अर्ध्या तासात तिचं सगळं शिक्षण जिन्याच्या तळाशी हात पसरून उभं असायचं, वरून काही आलंच तर झेलायला.

“आत्याबाई, पोरीला तरी ठेवा खाली.”

“कावून? तिच्या आत्याला आवाज ऐकू दे की तिचा.”

स्टँडजवळ नव्या कंपनीचा टॉवर उभा राहून दोन महिने झाले होते. बोलणं स्वस्त, रेंज थेट माजघरात. आता तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली होती. शिवकन्येने सगळं विचारून घेतलं आणि नवऱ्याच्या मागे लागली. बसम्माने मात्र रोज नवी अडचण काढली. आधी म्हणाली, नंबर जाईल. तो जात नाही म्हटल्यावर म्हणाली, घरात फोनवर बोललं की डोकं चढतं. त्यानंतर म्हणाली, जुनं कार्ड लई गुणाचं हाय.

“शेजारी बघ,” श्रीशैल आईला म्हणाला, “साखराबाईंच्या घरात नवं कार्ड येऊन महिना झाला. निवांत बसून बोलतात.”

शेजारचं नाव निघालं तशी बसम्मा उठून आत गेली. सात वर्षांमागे पन्हळीच्या पाण्यावरून दोघींचं भांडण झालं होतं. साधंसुधं नाही. नारायणगडाच्या जत्रेत दोघींनी बेल उचलून शपथ घेतली होती, हिच्याशी जन्मात बोलणार नाही. भिंतीला भिंत लागलेली, पण सात वर्षांत एक शब्द नाही. गच्चीवर समोरासमोर आल्या तरी पाठ फिरवून उभ्या.

शिवकन्येला एक गोष्ट खटकली. “नवं कार्ड आलंय, तर साखराबाई अजून गच्चीवर का चढतात?”

“सवय,” श्रीशैल म्हणाला आणि गेवराईला जाऊन अर्ज देऊन आला.

आठवड्यात नवं कार्ड मिळालं. दुकानदाराने सांगितलं होतं, जुनं कार्ड बंद पडेल, दोन-तीन तास फोन मुका राहील, मग नवं घाला. त्या दिवशी दोनच्या सुमाराला जुनं कार्ड गेलं. शिवकन्येला हलकं वाटलं. आजपासून जिना बंद. आरोहीच्या हिरड्या शिवशिवत होत्या, ती सकाळपासून खारकेचा तुकडा चघळत बसली होती. खारकेचा उपाय बसम्माने कालच आणला होता. केजवरून कळलं, म्हणाली होती.

पाचला कार्ड घालावं म्हणून शिवकन्येने खुंटीकडे पाहिलं. फोन नव्हता. आरोही नव्हती. वरून बसम्माचा आवाज येत होता.

ती अठरा पायऱ्या धावत चढली. ‘आत्याबाई, फोन बंद आहे’ हे शब्द ओठांवर आले होते, तेवढ्यात ती शेवटच्या पायरीवर थबकली.

बसम्मा कोपऱ्यात पाठमोरी उभी होती. मुका फोन कानाला.

“हॅलो! हां, खारीक लागू पडली बरं का. आज रडली न्हाई.”

पलीकडच्या गच्चीवर साखराबाई, त्याही पाठमोऱ्या, कानाला फोन.

“हॅलो! म्या काय म्हणलं होतं? आता वरचे दोन दात येतील. पोर जरा इकडं फिरवा म्हणावं, दिसंना झालीय.”

बसम्मा स्वतः वळली नाही. खांद्यावरची आरोही तेवढी तिने वर उचलली. साखराबाईंनी मान तेवढी वळवली, आरोही पलीकडे बघून खिदळली आणि दोन्ही फोन एकदम हसले.

शिवकन्या पाऊल न वाजवता खाली उतरली. उतरताना तिने पायऱ्या पुन्हा मोजल्या.

सासू खाली आल्यावर तिने नवं कार्ड घातलं. चुलीपाशी उभं राहून पाहिलं. रेंजच्या पाचही दांड्या भरलेल्या.

“आली का गं रेंज घरात?” श्रीशैलने विचारलं.

बसम्मा परातीतलं पीठ मळता मळता थांबली.

शिवकन्येने फोन मुठीत झाकला. “नाही हो. गच्चीवरच येते. उद्या गवंडी बोलवा, जिन्याला कठडा घालून घेऊ.”

बसम्माने परात बाजूला सारली. मग पिठाचे हात पदराला पुसून तिने फोन सुनेच्या मुठीतून काढून घेतला, कानाला लावला आणि शेजारच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “हॅलो! उद्या गवंडी येतोय. तुमचा बी जिना उघडाच हाय म्हणलं.”

श्रीशैलला कळेना. रेंज नाही, तर आई बोलतेय कुणाशी?

भिंतीपलीकडून आवाज आला, “हॅलो! सिमेंट आमचं.”