एक किलोमीटरनंतर डावीकडे
मागच्या रविवारी सुहासिनीबाईंनी लेकीच्या घराचं वळण तीनदा चुकवलं. शेवटी लेकीनेच स्कूटरवर येऊन त्यांना पेट्रोल पंपावरून घरी नेलं. दोष अर्थातच गाडीतल्या जीपीएसचा होता. वळण अगदी तोंडावर आल्यावर ते सांगतं, असं चौपन्नाव्या वर्षी लायसन्स काढलेल्या बाईंचं ठाम मत होतं. म्हणून आज निघताना त्यांनी चष्मा लावून सेटिंग शोधलं आणि सूचनेची वेळ ‘सर्वांत लवकर’ करून टाकली.

“एक किलोमीटरनंतर डावीकडे वळा,” जीपीएस म्हणालं. बाईंनी लगेच डावा इंडिकेटर दिला, वेग विसावर आणला आणि स्टिअरिंग घट्ट धरून त्या सरळच जात राहिल्या. दोन चौक मागे पडले.

सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला. “मावशी, डावीकडे नक्की जायचंय ना?”

“हो. अजून चारशे मीटर आहे.”

“मग तोवर तो दिवा विझवा,” तो शांतपणे म्हणाला. “मागे सगळे कधीचे वाट बघतायत.”

बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच आरशात पाहिलं. मागे बस होती, टेम्पो होता आणि फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडीसुद्धा. त्यांनी इंडिकेटर बंद केला आणि सिग्नल सुटायच्या आत सेटिंग गुपचूप पूर्ववत केलं. वळण बरोबर सापडलं.

लेक फाटकातच उभी होती. “उशीर झाला गं आई. रस्त्यात गर्दी होती का?”

“होती की,” बाई म्हणाल्या, “पण सगळी माझ्या मागे.”