निळ्या दिव्याची डबी

सर्व्हर बाबांच्या घरी मागच्या खोलीत होता, आणि लेक सातासमुद्रापलीकडे. घरात बाबा एकटेच. लेक तिकडून लिनक्सवर लॉगिन करून सर्व्हरला जोडलेल्या एकेका भागाची यादी पडद्यावर तपासायचा. दर रविवारी यादीतून नेमकी एक डिस्क, निळ्या दिव्याच्या डबीतली, गायब असायची. मग वैतागून फोन लावणं आलंच.

“बाबा, निळ्या दिव्याच्या डबीची वायर पुन्हा निघालीय.”

“सैल झाली असेल रे. थांब, चष्मा घेतो. कुठली म्हणालास? ही जाडी का?”

“ती विजेची! तिला हात लावू नका.”

“मग ही पिवळी? आणि काय रे, जेवलास का?”

दोन मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागायचा. जन्मभर वायरमन म्हणून राबलेल्या माणसाला आता एक वायर ओळखू येईना, म्हणून लेक कपाळाला हात लावायचा.

शेवटी सर्व्हर बदलायला तो स्वतःच आला. बाबा चहा टाकायला आत वळले आणि त्याने टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. कामावरच्या जुन्या सवयीने बाबांनी मागच्या एकूण एक वायरला चिठ्ठी बांधून ठेवली होती. ‘वीज’. ‘इंटरनेट’. ‘मोठी डिस्क, हात लावू नये’. एकही चुकलेली नव्हती.

निळ्या दिव्याच्या डबीच्या वायरवर लिहिलं होतं, ‘ही काढली की फोन येतो’.