पाहुण्यांसाठी भरलेली टाकी

"कोरडी टाकी पाहुण्यांना दाखवायची? अब्रू जाईल गावाची!" सरपंच म्हणाले. गरीब देशांना पाणीयोजनांसाठी मदत करणाऱ्या परदेशी बँकेच्या बाई उद्या गाव पाहायला येणार होत्या.

"अहो, वैद्याकडे कुणी पावडर लावून जातं का?" कीर्तनकार अंबूताईंनी विचारलं. सगळे हसले. तरी सरपंचांच्या सांगण्यावरून पहाटे बायकांनी दरीतल्या झऱ्यावरून हंडे वाहून टाकी भरली.

बाईंना ओवाळलं, पाय धुवायला पाणी दिलं. त्यांनी टाकीचा नळ सोडला, धार लागली. ओंजळभर पिऊन त्या दुभाष्यामार्फत म्हणाल्या, "गोड आहे हो! तुमचं बरं चाललंय. योजना आम्ही पाणी नसलेल्या गावाला देऊ."

सरपंचांच्या ओठांवर खरं आलं होतं. पण पाहुण्यांसमोर आपलंच खोटं कसं उघडं करायचं? त्यांनी नारळ पुढे केला.

संध्याकाळी कीर्तनाआधी अंबूताईंचे पाय धुवायला सरपंचांनी तोच नळ सोडला. नुसती हवा आली.

"राहिली ना अब्रू? आता तीच प्या," बायको म्हणाली.

सरपंचांनी तिच्या कमरेवरचा हंडा घेतला आणि दरीची वाट धरली. अंबूताईंनी टाळ खाली ठेवले. "सावकाश जा हो. नमन तुम्ही आल्यावरच करू."