गुरुजींचा प्रोसेसर

"गुरुजी, ही आपली चौथी खेप," सत्यम म्हणाला आणि त्यानं दोन्ही खोकी पुन्हा काउंटरवर मांडली.

लातुरातलं त्याचं कॉम्प्युटरचं दुकान चिंचोळं होतं. बसायला एकच स्टूल, त्यावर जगदेवी बसली होती. तिचे यजमान सिद्धलिंग गुरुजी वही उघडून उभे होते. जगदेवीचा सोमवार. सकाळची लिंगपूजा आटोपून नुसत्या चहावर निघाली होती ती. आज तरी एकदाचा सोक्षमोक्ष लागेल, एवढीच आस.

शाळेतून रिटायर झाल्यापासून गुरुजींना एकच ध्यास होता. औसा तालुक्यातल्या आठ गावांच्या शाळांत त्यांनी जमिनीची थरथर टिपणारी लहान यंत्रं बसवली होती. आठांची नोंद घरच्या कॉम्प्युटरवर यायची. तो जुना कॉम्प्युटर मधेच अडकायचा, म्हणून गुरुजी रात्र रात्र त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसायचे. मागच्या महिन्यात अंगणात भोवळ येऊन पडले. डॉक्टरांनी जगदेवीला बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या राहू द्या, माणसाला झोपवा. पुढच्या खेपेला नुसत्या भोवळीवर भागायचं नाही.

तेव्हा नवा, भरवशाचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. त्यालाही आता महिना झाला. आत कुठला प्रोसेसर घालायचा, यावर घोडं अडलेलं.

"हा गेमिंगचा," सत्यमनं पहिल्या खोक्यावर बोट ठेवलं. "लई फास्ट. स्वस्तबी पडतो. आन् हा सर्व्हरचा. ह्याला पळायची घाई न्हाई, पण आठ जण एकदम बोलले तरी आठांचं ऐकतो. मेमरीत एखादा आकडा चुकला तर आपला आपण दुरुस्त करतो."

"दमतो का?"

"कोण?"

"सर्व्हरचा."

"न्हाई दमत, गुरुजी. वर्ष वर्ष बंद करू नका."

"आणि गेमिंगचा?"

"चालंल त्योबी. पण चार तास खेळून घरी जाणाऱ्या पोरांचा गडी हाय तो."

गुरुजींनी ते वहीत उतरवून घेतलं. मागच्या तिन्ही खेपांना हेच उतरवून घेतलं होतं.

"अहो, मला बघाय आलता तवा एवढं इचारलं न्हवतं," जगदेवी म्हणाली.

सत्यमला हसू आलं. गुरुजींचं लक्षच नव्हतं.

"वीज गेली तर?"

"खाली बॅटरी देतो की."

"ती उतरली तर?"

"वीज आली की आपसूक चालू होतोय."

"चालू व्हायला किती वेळ?"

खोटं बोलायची सत्यमला सवय नव्हती. "गेमिंगचा मिनिटात होतो. सर्व्हरवाल्याला दोन-तीन लागतात. सगळं तपासून मग उठतो तो."

गुरुजींचा पेन थांबला. त्यांनी वहीतली एक ओळ खोडली. "मग गेमिंगचाच बरा दिसतो."

"पण तो दमतो म्हणून तर मागच्या वेळी नको म्हणलाव न तुम्ही."

"ते पण खरंच."

जगदेवीनं डोळे मिटले. ओठांवर नामस्मरण होतं, पण मनात भलतंच येत होतं. कुठलाबी बांधून दे लेकरा, दोन्ही दे, पण ह्या माणसाला उचल इथनं, असं अगदी जिभेवर आलं.

सत्यमचाही धीर सुटला. "गुरुजी, दोन मिनिटांनी काय फरक पडतोय हो? भूकंप काय आधी सांगता येतो व्हय? मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जमंना ते."

गुरुजींनी वही मिटली.

"नाही येत सांगता. मला माहीत आहे. पस्तीस वर्षं विज्ञानच शिकवलं मी." मग वर्गातला फळा पुसत बोलावं तसं, कुणाकडं न बघता ते म्हणाले, "पण त्या पहाटे मी झोपलेलो होतो. ती दोनदा म्हणली, बाबा, खाली कायतर गुरगुरतंय. मी म्हणलं, झोप."



त्यांची लेक शिवलीला तेव्हा चार वर्षांची होती. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या रात्री जगदेवी माहेरी, रेणापूरला होती, व्रताच्या उद्यापनाला. गणपतीची मिरवणूक बघायची म्हणून पोर हट्टानं बापाजवळ राहिली. दगडमातीच्या त्या घरातून गुरुजी तेवढे जिवंत निघाले. पुढं ह्या माणसानं त्या रात्रीबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. तू इथं असतीस तर, असं ते मनात म्हणत असणार, हे जगदेवी धरूनच चालली होती. तो न बोललेला राग तिनं बत्तीस वर्षं झेलला. देवानं तरी पदरात घ्यावं म्हणून एकेक नेम वाढवत नेला.

आणि हे इतकी वर्षं स्वतःलाच धरून बसले होते.

ती स्टुलावरून उठली. गुरुजींच्या हातातली वही काढून घेऊन तिनं आपल्या पिशवीत घातली.

"सर्व्हरचा बांध, लेकरा," ती सत्यमला म्हणाली.

मग नवऱ्याकडं वळली. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"रात्रभर हा ऐकंल. ती मधली दोन मिनिटं मी ऐकीन. तुमी झोपा आता."