मिठागराच्या पलीकडे

"आंधळ्या म्हातारेक काय दिसतला? जागा फुकट जातली," होडीवाला म्हणाला.

"तुका दोन डोळे आसत. तुका रे काय दिसता?" मी विचारलं आणि आईला हात धरून होडीत बसवलं.

आईचे डोळे मिठागरानं खाल्ले. जन्मभर ती भर उन्हात पांढरंशुभ्र मीठ ओढत राहिली. पलीकडच्या समुद्रातून देवमासे जायचे, तेव्हा मुकादम मान वर करू द्यायचा नाही. मालक मात्र काळा चष्मा लावून यायचा. आता त्याच्याच हॉटेलात उतरून लोक देवमासे बघायला जातात. मरण्याआधी एकदा तरी आईला देवमासा भेटावा, एवढाच माझा हट्ट होता.

खोल पाण्यात इंजिन बंद झालं. समुद्र दुधासारखा निपचित पडला होता, आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सगळे मोबाईल धरून उजवीकडे बघत होते. आईनं मात्र डावीकडे तोंड वळवलं आणि त्याच बाजूला पाणी हळूच वर उचललं गेलं. एक लांब उसासा आला. त्याचे थेंब आईच्या गालावर पडले. ती हसली.

"देव म्हणतत हेका, पण तोंडाक कुजक्या बांगड्याचो वास मारता."

तिचं काही हुकू नये म्हणून मी घाईघाईनं सांगायला लागले, "आये, काळो आसा, आपल्या घराएवढो, पाठीवर..."

"गप रव गो," ती म्हणाली. "माका बघूंदे."