वाळू आणि काथ्या

"मावशी, घासल्यात तुम्ही या?" मी ओरडलोच.

चांगुणामावशींनी टोपलीतून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या तिन्ही पट्ट्यांवर मिठाचा कणही नव्हता. मी बनवलेल्या त्यांच्या कृत्रिम पायाचा ॲल्युमिनियमचा सांधा समुद्राचं पाणी खाऊन टाकत होतं. म्हणून पट्ट्यांवर वेगवेगळे थर चढवून दिले होते: एकीवर रासायनिक पिवळा लेप, दुसरीवर साधं ॲनोडायझिंग, म्हणजे विजेने चढवलेला पातळ थर, तिसरीवर त्याचाच जाड, कडक प्रकार, हार्ड ॲनोडायझिंग. महिनाभर तुमच्या होडीला बांधा आणि असतील तशा आणा, एवढंच सांगितलं होतं.

"दुसऱ्याची वस्तू न धुता परत द्यायची? वाळू आन काथ्यानं चांगल्या घासल्या."

महिना फुकट गेला! कपाळाला हात लावून मी पट्ट्या खिडकीशी नेल्या. पहिलीचा पिवळा थर पार निघून गेला होता. दुसरीवर ओरखडेच ओरखडे. तिसरी मात्र दिली तशीच, काळपट, गुळगुळीत. मी तिच्यावर किल्ली जोर लावून ओढली. एक रेघ उमटेल तर शपथ!

"मावशी, सापडला थर! समुद्राला आणि तुम्हाला, दोघांनाही पुरून उरला हा!"

मावशी खुर्चीत टेकल्या, पाय सोडवला आणि माझ्या हातात दिला.

"मग याला तोच चढवा. येताना हा पण घासून आणलाय."