तारप्याला पाठ दाखवत नाहीत

लोककला कधीच मरत नसते, असं पालघरच्या महोत्सवात मंचावरून सांगण्यात आलं. टाळ्या थांबल्यावर चिंतूला मंचावरून उतरायला सांगण्यात आलं.

बोलावणं तारपावाल्याला होतं आणि चिंतूच्या हातात माउथ ऑर्गन होता. त्यानं समजावून पाहिलं. बोईसरच्या केमिकल कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, तारप्याचा भोपळा फुंकण्याइतका दम आता छातीत नाही. हा बाजा श्वास आत घेतानाही वाजतो. चाली मात्र सगळ्या तारप्याच्याच, बापाकडून आलेल्या. संयोजिका वैभवीनं ते मनापासून ऐकून घेतलं. ती लोककलेत एम. ए. होती.

"काका, तारपा नुसता हातात धरून उभे राहा ना," ती म्हणाली. "फुंकू नका. साउंड आम्ही सोडतो."

चिंतू नको म्हणाला. मंडपामागे, भांडी घासायच्या जागेजवळ पाठ टेकायला फळी असलेला एक बाक होता. त्यावर बसून त्यानं कापणीनंतरची चाल धरली.

पाड्यावरही तो संध्याकाळी अंगणात बसून वाजवायचा. नाचायला कुणी नसायचं. दिवाळी उरकली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जायचा आणि उरलेला बोईसरला शिफ्टमध्ये असायचा. कोंबड्या असायच्या, पण त्यांना चालीशी कर्तव्य नव्हतं.

तारपा वाजत असेल तर नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत. फेर कसाही फिरो, तोंड तारप्याकडे. हे कुणी शिकवत नाही. पाड्यावर जन्मलं की येतं. या बाज्याला तारपा समजून एकानं जरी तसं तोंड फिरवलं, तरी चिंतूला पुरे होतं. अजून कुणी फिरवलं नव्हतं.

केटरिंगची एक बाई ताटांची चळत खाली ठेवून बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. ऐकत राहिली. चिंतूनं डोळे मिटून चाल बदलली.

पाण्याच्या पिंपाकडून मुकादमानं हाक मारली, तसे चिंतूनं डोळे उघडले. बाई उठली, ताटं उचलली आणि चिंतूकडे तोंड करून उलट पावली निघाली.

चिंतूचा सूर हलला. ती टाचेनं जमीन चाचपत मागे सरकत होती. एकदा अडखळली, तशी त्यानं चाल संथ केली. ती पिंपाला टेकेपर्यंत त्यानं सूर तुटू दिला नाही. छातीत कळ आली, ती त्यानं चालीत बसवून घेतली. मग बाजा खाली घेतला आणि बऱ्याच वर्षांत वापरला नव्हता अशा आवाजात विचारलं,

"कंच्या पाड्याची तू, बाय?"

"पाड्याची न्हाय, मामा. आमी साताऱ्याकडचं," बाई म्हणाली. "बाकाचा रंग वला हाय. समदी पाठ हिरवी झालीया माझी, परक्या माणसापुढं वळू कशी? तुमी वाजवत हुता, मधी कसं बोलायचं म्हून गप बसले. उठा आता तुमी बी."

चिंतूनं उठून पाठीला हात लावला. हात हिरवा झाला.